टाच, कड आणि चवडा

मामंजी,

सुनेला सासऱ्याचं तोंड ओळखू यायच्या आधी त्याचे पाय ओळखू येतात. लग्न होऊन तुमच्या घरात आले तेव्हा डोईवरचा पदर कपाळाखाली आणि नजर जमिनीवर, त्यामुळे पहिले सहा महिने तुम्ही माझ्या लेखी नुसते दोन पाय होतात. रुंद पंजा, भेगाळलेल्या टाचा, आणि उजव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट वाकडं, पुढच्या बोटावर चढून बसलेलं. ते बोट दारातून आत आलं की मी चुलीपुढून उठून उभी राहायची. एकदा आत्याबाईंना, म्हणजे तुमच्या कारभारणीला विचारलं, की मामंजींच्या बोटाला काय झालं. "बैलानं पाय दिला हुता," एवढं बोलून त्या पुन्हा भाकरी थापायला लागल्या. आता तुमच्या शेवटच्या वयापेक्षा मी मोठी आहे. परवा सांगलीत, लेकाच्या घरी, एक सुजलेलं पाऊल मांडीवर घेतलं आणि तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात घोळतंय. कुणाचं पाऊल, ते शेवटी सांगते. तुम्हाला गोष्टीत घाई केलेली खपायची नाही.

मी मिरजेला नर्सिंग शिकलेली. पायात सव्वीस हाडं असतात, त्यांची नावं काय, कुठलं कशाला टेकतं, सगळं तोंडपाठ, आणि त्याचा मला चांगलाच ताठा होता. तुम्ही त्यावरून कधी बोलला नाहीत. बोलायला आत्याबाई समर्थ होत्या. तुमचा मुलगा पलटणीत, लग्नानंतर एकदाच सुट्टीवर आलेला. मला पलीकडच्या गावच्या उपकेंद्रावर नेमणूक मिळाली होती. वाट पाणंदीची, दोन्ही बाजूंना ऊस. एकाहत्तर साली मार्गशीर्षात तिकडं सीमेवर लढाई पेटलेली, संध्याकाळी सोप्यात रेडिओभोवती माणसं जमायची, आणि इकडं ऊस डोक्याच्या वर हातभर गेलेला. पाणंदीच्या वळणावर एकजण सायकल आडवी लावून उभा राहायला लागला. बड्या घरचा, पलीकडच्या मळ्यातला. आधी नुसता बघायचा, मग बोलायला लागला, मग एक दिवस त्यानं माझ्या लशीच्या पिशवीचा बंद धरला. मी हिसका मारून सोडवला आणि धावत उपकेंद्र गाठलं. त्या दिवशी एका पोराला मला सुई दोनदा टोचावी लागली, हे मला फार लागलं. भीतीपेक्षा तेच जास्त लागलं.

हे घरात बोलायची चोरी होती. आत्याबाईंचं आधीच सुरू होतं, "आपल्यात सुना एकट्या पानंदीनं हिंडत न्हाईत. राजीनामा दे आन् घरात बस." पुरुषांच्या कानावर घातलं असतं तर दोन घरांच्या काठ्या निघाल्या असत्या, आणि कोण जिंकलं कोण हरलं हे काही का होईना, मी मात्र घरात बसले असते. माझ्याजवळ माझं म्हणावं असं त्या नोकरीशिवाय दुसरं काही नव्हतं, मामंजी. आई-वडिलांनी मला मिरजेला धाडलं म्हणून अख्ख्या भावकीनं त्यांना नावं ठेवली होती. ती पिशवी खाली ठेवायची म्हणजे त्यांनाच खोटं पाडायचं. म्हणून तुम्ही गोठ्यात एकटे असताना मी आले आणि तुमच्या पायांकडं बघत सगळं सांगून टाकलं. तुम्ही बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिलात. मग म्हणालात, "मी जाऊन त्येचं हाड मोडीन, पर उद्या दुसरा हुबा ऱ्हाईल. नोकरी सोडायची का पाय उचलायचा, तुजं तू ठरीव."

पाय उचलायचा म्हणजे काय, हे मला कळायला दोन दिवस लागले. लढाईनंतर, म्हणजे जगाच्या मोठ्या लढाईनंतर, तुमची पलटण जपानात काही महिने होती हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तिथं आगगाडी वेळेवर येते एवढीच त्यातली बातमी आत्याबाईंनी जपून ठेवलेली. तिथल्या एका म्हाताऱ्या सुतारानं, तुम्ही नेलेल्या दुधाच्या डब्यांच्या बदल्यात, आपल्या आवारात तुम्हाला चोरून लाथा शिकवल्या होत्या, हे मात्र तुम्ही कुणालाच सांगितलेलं नव्हतं. "आमच्या गावात कुस्ती. लाथ मारनारा मानूस म्हंजे गाढव," असं तुम्हीच म्हणालात, आणि मी पदराआड हसले. घरात आलेल्या सुनेपुढं, पंचावन्न वर्षांच्या माणसानं, आयुष्यभर दडवलेलं असं काही काढून ठेवावं, याचं नवल मला आज जास्त वाटतं. तेव्हा मी फक्त घाबरले होते.

गोठ्यामागं लिंबाच्या फांदीला पाचट ठासून भरलेलं पोतं टांगलंत. बाजूला बाभळीचा एक खुंट रोवलात आणि त्याला सुतळी गुंडाळलीत. आत्याबाई रानात गेल्या की शिकवणी. भिंतीला लावायचा गेरू तुम्ही पाण्यात कालवून पोत्यावर माखायचात आणि मला म्हणायचात, मार. मारल्यावर पोत्याकडं ढुंकून बघायचा नाहीत. "पाय दाव," म्हणायचात. मी पाय वर करून दाखवायची आणि तुम्ही दोन हात लांबून, वाकून, गेरू कुठं लागलाय ते वाचायचात. तळव्यावर पसरला असेल तर मान हलायची: "ह्यो धक्का झाला. लाथ न्हवं." बोटांच्या टोकांना लागला असेल तर, "बोटं मोडून घिशील." मी हाडांची नावं पाठ केलेली बाई, आणि स्वतःचा पाय कुठं टेकतो हे मला माहीत नव्हतं. पहिले आठ दिवस प्रत्येक वेळी लाल रंग भलतीकडंच निघायचा. संध्याकाळी आत्याबाई विचारायच्या, "पायाला काय गं लागलंय?" मी म्हणायची, केंद्राच्या भिंती रंगवतायत.

"पायात येक हत्यार न्हाई, चार हायती," तुम्ही सांगितलंत. "जाग्यापरमानं उचलायचं." बोटं मागं ओढून, चवडा, तो पोटाला. पायाची बाहेरची कड, ती नडगीला आणि गुडघ्याला. टाच, ती वरून खाली, पावलावर, कारण पावलाच्या वरच्या बाजूला हाडं बारीक असतात आणि त्यांवर मांस नसतं. आणि पावलाची पाठ. तिचा उपयोग सांगताना तुम्ही बैलाकडं तोंड फिरवलंत आणि "जितं हाड न्हाई तितं," एवढं बोलून गव्हाण साफ करायला लागलात. मी नर्स आहे, मला कळलं, पण तुमच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या बघून मी काहीच कळलं नसल्यासारखं केलं. नंतर नंतर मला त्या हिशेबीपणाचा अचंबा वाटायला लागला. मिरजेला हाडं शिकवली ती मोडल्यावर जोडायला. कुठलं हाड कुठल्या हाडापुढं टिकणार नाही, हे त्याच शास्त्राचं दुसरं अंग, आणि ते माझ्यापुढं उलगडत होता चौथी शिकलेला माणूस, शेणाच्या पाटीशेजारी उभा राहून.

चवडा कसा लागतो ते दाखवा, म्हणून मीच हट्ट धरला. तुम्ही टाळत होता. शेवटी म्हणालात, "येकदाच दावतो. पुन्ना मागू नगंस." वहाणा काढल्या, गव्हाणीच्या कठड्यावर एक कच्ची वीट उभी करून तिला गेरू फासला. धोतराचा काष्टा आवळला. मी अजून बघते आहे: गुडघा वर येतो, पाय सुटतो, आणि वीट पडत नाही, जागच्या जागी मधोमध फुटते. आवाज लहानसाच, ढेकूळ फुटल्यासारखा. पाय परत जमिनीवर आलेला मला दिसलाच नाही. तुम्ही तळपाय वळवून दाखवलात तर अंगठ्याखालच्या उंचवट्यावर सुपारीएवढा लाल ठिपका, बाकी तळवा कोरा. माणसाच्या अंगात असलं काही दडलेलं असतं आणि तो आयुष्यभर त्याच पायानं वैरणीला जातो, पाणी पाजतो, देवळात जाऊन येतो. तुम्ही मग गव्हाणीवर टेकलात आणि पाणी मागितलंत. वहाण घालायला बराच वेळ लावलात. मला वाटलं, वय झालं.

त्या दिवसापासून मला ती लाथ हवी होती. आणि तुम्ही साफ सांगितलंत, "तुला चवडा न्हाई. तुला कड आन् टाच." मी विचारलं का. तुम्ही माझ्या पायातल्या जोडव्यांकडं बोट दाखवलंत. मी म्हटलं, शिकण्यापुरती काढून ठेवते. तुम्ही पोत्याची गाठ आवळलीत. मग म्हणालात, "पोरगं तिकडं लढाईवर हाय. जोडवी काढायची न्हाईत. आन् आईक, पानंदीत तू काय जोडवी काढून, वहाण सोडून, लुगडं आवरून हुबी ऱ्हानार हायस? जे अंगावर घालून चालतीस त्येच्यासकट लाथ आली पायजे. त्या म्हाताऱ्यानं मला अनवानी शिकवली. त्येचं त्येच्यापाशी." पाचवारी पातळात पाय गुडघ्याच्या वर जात नाही, अंगठ्याच्या वहाणेत बोटं मागं ओढता येत नाहीत, जोडव्याखाली बोट अडकतं, हे सगळं तुम्ही बघून ठेवलं होतंत. मोठमोठे मास्तर शंभर जणांना एकच लाथ शिकवतात. तुम्ही एका सुनेच्या पायात काय काय आहे ते बघून तिची लाथ निवडलीत. हे मला आज कळतं. तेव्हा मात्र राग आला. वाटलं, बाई म्हणून मला हलकं हत्यार दिलं.

म्हणून मी चोरी केली. पेन्शनीच्या कामाला तुम्ही साताऱ्याला गेलात की खोबरेल लावून जोडवी काढायची, रुमालात बांधून गव्हाणीच्या कोनाड्यात ठेवायची, पातळ वर खोचायचं आणि अनवाणी पायानं पोत्यावर चवडा मारायचा. देवाची माफी मागत मारायची. तिकडून पंधरा दिवस पत्र नव्हतं, रात्री आत्याबाई देवापुढून उठत नव्हत्या, आणि मी दिवसा नवऱ्याच्या नावाचं जोडवं काढून लाथा मारत होते. पण गेरू बरोबर जागी लागायला लागला होता, आणि तो ठिपका बघून मला जे वाटायचं त्यापुढं माझी भीती टिकत नव्हती. पाय धुवायचा, जोडवी चढवायची, पोतं फिरवून ठेवायचं. शहाणी होते ना मी.

मधले काही दिवस वळण मोकळं होतं, त्यानंतर आठवडाभरात तो सायकलवाला पुन्हा उभा राहिला. सकाळची वेळ, लांब गुऱ्हाळाचं इंजिन चालू, उसाच्या रसाचा वास. सायकल आडवी. "नर्सबाई, आमाला बी जरा तपासा की." मी म्हटलं, सायकल बाजूला घ्या. त्यानं माझं मनगट धरलं. आणि माझा पाय गेला तो चवड्यानं गेला, मामंजी. चोरून शिकलेलं अंगात आधी बसतं. पण आता पायात वहाण होती, जोडवं होतं, पोटाच्या उंचीला पातळानं अडवलं, आणि बोटं मागं आली नाहीत. पाय त्याच्या मांडीच्या हाडावर आपटला. माझ्या पायात काहीतरी कटकन मोडलेलं मला ऐकू आलं. कुठलं हाड, तेही कळलं. तो हसला. तुम्हाला खरं सांगते, मनगट धरण्यापेक्षा ते हसणं वाईट होतं. मग मी काही ठरवलं नाही. अंग आडवं झालं, पायाची कड त्याच्या गुडघ्याखाली बसली, नडगीवरून सरसरत खाली आली, आणि टाच त्याच्या पावलावर. तो सायकलीसकट खाली बसला. आणि माझ्यातली नर्स अशी, की मी वाकून त्याच्या पावलाची सूज बघायला लागले होते. मग भानावर आले आणि चालायला लागले. केंद्रावर गेले. सगळ्या पोरांना लस दिली. एकालाही दोनदा टोचावं लागलं नाही.

परत येताना मात्र पाय टेकवत नव्हता. तुम्ही गोठ्याच्या दारातूनच माझी चाल बघितलीत. "पाय दाव," म्हणालात, रोजच्यासारखं. मी गव्हाणीवर बसून पाय पुढं केला, आणि तुम्ही खाली बसून तो आपल्या मांडीवर घेतलात. सासऱ्यानं सुनेच्या पायाला हात लावायचा नसतो. आपल्याकडं सावली पडू देत नाहीत. मी पाय ओढायला लागले तर तुम्ही घोटा धरून ठेवलात. बोट काळंनिळं, जोडवं चेपून मांसात रुतलेलं. "कापावं लागंल," म्हणालात, आणि कानस आणून, मधे चिंधी सारून, हळूहळू घासायला बसलात. घासता घासता विचारलंत, "पयली कशानं मारलीस?" मी म्हटलं, टाचेनं. "मग हे?" म्हटलं, पळताना धोंड्याला ठेचकाळले. तुम्ही नुसतं "हं" केलंत. तेवढ्यात आत्याबाई आल्या. सुनेचा पाय सासऱ्याच्या मांडीवर, जोडव्याचे दोन तुकडे जमिनीवर, आणि मुलगा लढाईवर. त्यांचा चेहरा मी बघू शकले नाही. तुम्ही मान वर न करता बोललात, "बैलानं पाय दिला. जोडवं मी कापलं. काय दोष आसंल त्यो माज्यावर."

मी तुमच्या पायाकडं बघितलं. तेच बोट. त्याच पायाचं. माझ्या बोटाला लागून होतं, एवढं जवळ. आत्याबाईंनी बैलाकडं बघितलं, तुमच्या पायाकडं बघितलं, मग माझ्या. आत गेल्या आणि लाल दोरा घेऊन आल्या. माझ्या सुजलेल्या बोटाला, जोडव्याच्या जागी, तो सैलसर बांधताना एवढंच म्हणाल्या, "ह्या घरच्या बैलांना बोटंच बरी दिसत्यात." त्यानंतर राजीनाम्याचा विषय त्यांनी मरेपर्यंत काढला नाही. तुमचा मुलगा माघात सुखरूप घरी आला आणि साताऱ्याच्या सोनाराकडून नवी जोडवी घडवून घेतली. वळणावरचा तो महिनाभर प्लास्टरमध्ये होता. पायावरून बैलगाडीचं चाक गेलं असं त्यानं गावात सांगितलं. त्या साली आपल्या भागात बैलांवर फार आळ आले. मी त्या पाणंदीनं पुढं सत्तावीस वर्षं एकटी गेले.

आता पावलाचं. नात माझी, सांगलीला कराटेच्या क्लासला जाते. पांढरे कपडे, कंबरेला पट्टा, आणि क्लासमध्ये भिंतीला तक्ता लावलाय, पायाच्या कुठल्या भागानं कुठली लाथ. तुमची चारही हत्यारं त्यावर आहेत, बाण काढून दाखवलेली. परवा लंगडत आली. "जिन्यावर ठेचकाळले, आज्जी." मी पाय मांडीवर घेतला, बोट बघितलं आणि म्हटलं, हं. पट्टी बांधून झाल्यावर तिनं माझ्या पायाकडं बोट दाखवलं. "आज्जी, तुझ्या ह्या बोटाला काय झालं?" मी म्हटलं, "बैलानं पाय दिला." तिनं खरं मानलं. शहरातली पोर.

तिला बोटं मागं कशी ओढायची ते दाखवावं म्हणून मी खुर्चीत बसल्या बसल्या पाय उचलला. चार बोटं मागं आली. ते आलं नाही. पन्नास वर्षांत कधी करूनच बघितलं नव्हतं. एकदा तसं मोडून वाकडं जुळलेलं बोट मागं येत नाही, मामंजी. ते पुढंच राहतं आणि पहिला मार त्यालाच बसतो. मी तशीच पाय अधांतरी धरून बसले. म्हणजे त्या दिवशी वीट फोडलीत तेव्हा तुमचंही ते मागं आलं नसणार. चवड्याआधी तेच विटेवर आपटलं असणार. येकदाच दावतो म्हणालात, पाणी मागितलंत, वहाण घालायला वेळ लावलात, आणि मी पदराआडून त्या सुपारीएवढ्या ठिपक्याचं कौतुक करत उभी. ठिपक्यावरच नजर खिळलेली, बोटाकडं बघितलंच नाही. हट्ट माझा होता. तुम्ही तोंडातून चकार शब्द काढला नाहीत.

हे पत्र कापलेल्या जोडव्याच्या डबीत ठेवते. दुसरं कुठं ठेवणार. तुम्ही त्या दिवशी गोठ्यात विचारलंत त्याचं खरं उत्तर द्यायचं राहिलं होतं. तुम्हाला ते आधीच माहीत होतं, आणि तुम्हाला माहीत आहे हे मलाही माहीत होतं, तरी आपण दोघं बारा वर्षं एका घरात राहिलो आणि मी बोलले नाही. पहिली चवड्यानं मारली होती, मामंजी.